माफी कशाची मागायची, तेवढं आधी ठरवा

पत्र:

ताई, मी अशोक चौकाजवळच्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग जुळवून चालू ठेवायचं काम करतो. बायको घरी विड्या वळते. मुलगी आठवीत आहे, अनुदानित मराठी शाळेत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण वर्गात तिचं मराठी सगळ्यांत चांगलं. १२ जानेवारीला शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘सोलापूरचे चार हुतात्मे’. सरांनी भाषण लिहून दिलं होतं, तिने पाठही केलं होतं. निम्मं भाषण म्हणून झालं आणि तिने वहीतलं स्वतःचं पान काढलं. म्हणाली, हुतात्मे मार्शल लॉला घाबरले नाहीत, आणि आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप आहे, ते विचारायला सगळे घाबरतात. आमचे सर भित्रे आहेत, असंही बोलली. पाहुण्यांसमोर. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी माफीनामा द्या, नाहीतर पुढे तिला कुठल्याच कार्यक्रमात घेणार नाही. भाऊ म्हणतो, माफी मागून मोकळे व्हा, दोन वर्षांत दहावी आहे. पुतण्या म्हणतो, व्हिडिओ आहे, टाकू या. मला वाटतं मोबाईलनेच पोरगी बिघडली. आमच्या घरात माझ्यापुढे कोणी बोलत नाही, ही कुठून शिकली कळत नाही. स्वातंत्र्य वगैरे भाषणात ठीक आहे, पण पोरांना किती बोलू द्यायचं? दोन्ही कागदांची झेरॉक्स जोडली आहे.
— एक वडील, सोलापूर

उत्तर:

माफीनामा द्या. पण मागितलाय तसा देऊ नका.

दोन्ही कागद मी दोन-दोनदा वाचले. सरांच्या भाषणात ‘शूर’ हा शब्द सात वेळा आहे आणि ‘धगधगते अग्निकुंड’ दोनदा. तुमच्या लेकीच्या पानावर शाई पसरली आहे आणि एका ठिकाणी मजेदार खाडाखोड आहे. आधी ‘संडासाला’ लिहिलंय, ते खोडून ‘स्वच्छतागृहाला’ केलंय, मग तेही खोडून पुन्हा ‘संडासाला’. त्या खाडाखोडीकडे मी बराच वेळ बघत बसले. पाहुण्यांसमोर कुठला शब्द शोभेल याचा पोरीने विचार केला आणि मग जो खरा तो ठेवला. हे बिघडलेल्या पोरीचं काम नाही.

आता तिच्या पानावर काय काय आहे ते सुटं करून बघा. कुलूप आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. सगळे घाबरतात, हा अंदाज. सर भित्रे आहेत, हा शेरा. कुलुपाबद्दल तिने माफी मागायची नाही, अर्धा शब्दसुद्धा नाही. अंदाज दुरुस्त करायला हरकत नाही. शेऱ्याबद्दल मात्र मागायची, आणि नीट मागायची. त्या सरांच्या मनात काय आहे तिला कुठे दिसतं? कदाचित त्यांनी तीनदा ऑफिसात सांगितलं असेल. कदाचित खरंच भीत असतील, घरी कर्जाचे हप्ते असतील. माणसाच्या कृतीवर बोलावं, त्याच्या काळजावर शिक्का मारू नये. हा फरक तेराव्या-चौदाव्या वर्षी कळला तर पोरगी फार पुढे जाईल. आपल्याकडे चाळिशीतल्या माणसांना कळत नाही, टीव्हीवर रोज रात्री दिसतंच.

गंमत पुढे आहे. तिच्या भाषणात माहितीची एक चूक आहे, आणि ती तिच्या पानावर नाही, सरांच्या कागदावर आहे. ‘सोलापूर हे भारतातले पहिले स्वतंत्र शहर’. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, मीही वर्गात म्हणत आले. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, माणसं रस्त्यावर आली. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस मागे हटले, आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस या शहराचा कारभार इंग्रजांच्या हातात नव्हता. १२ तारखेला मार्शल लॉ आला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणं, तिरंगा हातात धरणं हे गुन्हे झाले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. हे सगळं खरं. पण एप्रिल १९३० च्या शेवटी, म्हणजे आपल्या आधी, तिकडे पेशावरही काही दिवस इंग्रजांच्या हातातून निसटलं होतं. किस्सा ख्वानी बाजारात गोळीबार झाला आणि फौज शहराबाहेर काढून घ्यावी लागली. मग ‘पहिलं’ कोण? हे बोलल्याने आपल्या चौघांचं कणभर कमी होत नाही. पण आपल्याच गावाच्या कौतुकात एखादं वाक्य सैल असेल तर ते आपणच घट्ट करावं. शाळेने माफी कशाबद्दल मागितली बघा: जे तिने पाहून लिहिलं त्याबद्दल. जे न तपासता पाठ करून घेतलं, त्याबद्दल कुणीच काही मागितलं नाही.

माझ्यावरही हे येतं. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली वीसेक वर्षं मुलांना भाषणं लिहून दिली. शील्डं आणली. एका वर्षी एक मुलगा, फार गोड आवाजाचा, तिसऱ्या परिच्छेदात अडकला. पुढचं वाक्य आठवेना. मी पडद्याआडून ओठ हलवत होते, त्याला दिसत नव्हतं. तो तसाच उभा. हात शिकवल्याप्रमाणे वर नेलेला, तो खाली घ्यायचंही सुचेना. नंतर मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या शब्दांत काहीतरी बोलायचं होतंस. तो म्हणाला, बाई, माझं त्यात काहीच नव्हतं. तेव्हा मी हसले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला भाषण लिहून दिलं. आज ते हसू आठवलं की बरं वाटत नाही. गावोगावच्या शाळांतून आपण दरवर्षी शेकडो पोरांना स्वातंत्र्यावर दुसऱ्याची वाक्यं म्हणायला लावतो आणि त्यांना बक्षिसात कंपासपेटी देतो.

तुम्ही विचारलंय, पोरांना किती बोलू द्यायचं. तुम्ही जॉबर आहात, तुम्हाला तुमच्याच मागावरून सांगते. माझे सासरे जुन्या मिलमध्ये होते, त्यामुळे थोडं कानावर आहे. चालत्या मागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की तो बारीक काटा धागा चाचपतो, सापडला नाही की माग खट्कन थांबतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर पत्ती खाली पडते, तेव्हाही तेच. मालकाला माग थांबलेला आवडत नाही, विणणाऱ्याचं मीटर कमी भरतं, त्यालाही आवडत नाही. पण तो काटा बिघडला आणि माग थांबायचाच बंद झाला, तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माग जोरात चालतो, आवाज छान येतो, आणि दोन हात चादर रेघ पडून बाहेर येते. मग ती सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जाते. माग सारखा थांबतो म्हणून तुम्ही तो काटा काढून फेकून देता का? नाही. तो फुकटचा थांबवत असेल तर जुळवून घेता. एवढंच करायचं आहे. तुमची पोरगी थांबली ती बरोबर धाग्यावर थांबली, फक्त जरा जोरात आदळली.

समाजाचंही मला याहून वेगळं वाटत नाही. देश स्वतंत्र राहतो तो कायद्याच्या पुस्तकावर थोडा आणि ‘थांबा, इथे तुटलंय’ म्हणणाऱ्यांवर जास्त. २५ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारायच्या आदल्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी घटना समितीला बजावलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती हा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे. भक्ती काही मतदानाच्या दिवशी अचानक उगवत नाही. ती मोठ्यांपुढे मान खाली घालून ‘हो’ म्हणायच्या सवयीतून येते. तुम्ही लिहिलंय, आमच्या घरात माझ्यापुढे कोणी बोलत नाही. तुम्ही ते अभिमानाने लिहिलं असावं. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

राग मानू नका, पण आणखी एक दिसलं. मुख्याध्यापक काय म्हणाले, भाऊ काय म्हणाला, पुतण्या काय म्हणाला, सगळं तुमच्या पत्रात आहे. मुलीच्या आईचं एक वाक्य नाही. सकाळपासून सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या त्या बाईला, मुलगी शाळेत पाणी का पीत नाही, घरी येताच आधी कुठे पळते, हे दिवाळीपासून ठाऊक असणार. तिला विचारलंत? पाळीच्या दिवसांत मुलगी शाळेला दांडी मारते का, हे विचारलंत? आज रात्री विचारा. भावाला नंतर विचारलं तरी चालेल.

मोबाईलवर खापर फोडू नका. मोबाईलमुळे पोरं जास्त प्रश्न विचारायला लागली असती तर मी प्रत्येक घरात दोन-दोन वाटले असते. तिथे उलटंच शिकायला मिळतं: सगळ्यांनी अंगठा दाखवला की आपणही दाखवायचा, सगळे ज्याला शिव्या देतात त्याला आपणही द्यायच्या, आलेलं पुढे ढकलायचं. वहीत लिहून, खोडून, पुन्हा लिहून एकटीने उभं राहायला मोबाईल शिकवत नाही. आणि याच कारणासाठी पुतण्याला सांगा, व्हिडिओ टाकायचा नाही. आज टाळ्या देणारे हजार येतील, उद्या तेच तिच्या भाषेवर, आडनावावर, दिसण्यावर घसरतील. तिचा मुद्दा कुलुपाचा आहे. व्हिडिओ फिरला की मुद्दा ‘सोलापूरची वाघीण’ होतो आणि कुलूप तिथेच राहतं.

मन खंबीर कशाने होतं, याबद्दल एक जुना प्रयोग सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तरुण विद्यार्थ्यांना एक रेघ दाखवली आणि विचारलं, शेजारच्या तीन रेघांपैकी हिच्याएवढी कुठली? लहान पोरालाही सांगता येईल असं. पण खोलीत बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेघ सांगत. खरा विद्यार्थी एकच. अशा वेळी जवळजवळ एकतृतीयांश उत्तरं गर्दीसारखी चुकीची आली. डोळ्यांना दिसत होतं वेगळं, तोंडातून आलं वेगळं. मग ॲशने एक बदल केला. त्या गर्दीत एकच माणूस खरं बोलणारा बसवला. चुका आधीच्या एकचतुर्थांशावर आल्या. फक्त एका माणसाने. गर्दी तेवढीच, रेघा त्याच.

तुमच्या मुलीच्या खोलीत सध्या तो एक माणूस नाही. ती जागा तुमची आहे. ‘शाब्बास’ म्हणायची गरज नाही. ‘मी पण ते कुलूप बघून आलो, आहे खरं’ एवढं म्हटलंत तरी पुरे.

केरळातल्या एका बापाची गोष्टही ऐकून ठेवा. १९८५ मध्ये तिथल्या तीन भावंडांना शाळेने काढून टाकलं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण म्हणत नसत, त्यांच्या पंथात ते बसत नव्हतं. मला विचाराल तर मी जन गण मन मोठ्याने म्हणते आणि म्हणताना माझा गळा भरून येतो. तरी ती मुलं कुणाचा अपमान करत नव्हती. बाप त्यांच्या बाजूने हायकोर्टात गेला, हरला, मग सुप्रीम कोर्टात गेला. ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल मुलांच्या बाजूने लागला: गप्प राहण्याचाही हक्क बोलण्याच्या हक्कात येतो. तुम्हाला कोर्टात जायचं नाही. तुम्हाला फक्त शाळेच्या पायऱ्या चढायच्या आहेत.

भाऊ म्हणतो त्यातही तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. शाळेशी वैर घेऊन पोरीला दोन वर्षं काढायची आहेत. शिक्षक मनात ठेवतात, मी शिक्षक होते, मला माहीत आहे. म्हणून भांडायला जाऊ नका. पत्र घेऊन जा, आणि ते पत्र तिने लिहावं. तुम्ही लिहून दिलंत तर त्या भाषणाचीच दुसरी आवृत्ती होईल. मुद्दा एवढाच असावा: ‘मी सरांना सगळ्यांसमोर भित्रे म्हणाले ते चुकलं, मला वाईट वाटतं. सगळे घाबरतात असंही मी न विचारता म्हणाले. मुलींच्या संडासाला कुलूप आहे हे मी पाहिलं आहे. ते कधी उघडेल, ते कृपया सांगावं.’ तारीख, नाव, इयत्ता. एक प्रत घरी ठेवा आणि शाळेकडून पोच घ्या. मुख्याध्यापक म्हणतील, शेवटची दोन वाक्यं काढा. नाही काढायची. आवाज न चढवता म्हणा, ‘सर, त्याची माफी कशी मागायची ते तिला समजत नाही, मलाही नाही.’

संडासाचं काम मात्र एकट्या पोरीच्या खांद्यावर ठेवू नका, ते मोठ्यांचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मुलांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं स्पष्ट आहे, आणि आठवीपर्यंतचे वर्ग त्यात येतात. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, विचारा. बहुतेक ठिकाणी सह्यांपुरत्या बायका असतात आणि त्यांना आपण समितीत आहोत हेही माहीत नसतं. तुमच्या बायकोबरोबर विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या चार-पाच जणींच्या मुली त्याच शाळेत असतील. पुढच्या पालक सभेला त्या पाच जणी एका बाकावर बसल्या आणि एकीने विचारलं, तर कुणाला ‘उद्धट मुलगी’ म्हणता येणार नाही. किल्ली शिपायाकडे आहे की ऑफिसात, नळाला पाणी नाही की सफाईला माणूस नाही, हेही तेव्हा कळेल. कारण साधंच निघण्याची शक्यता जास्त. शाळेतली निम्मी कुलपं दुष्टपणाने लागत नाहीत, पाणी नाही म्हणून लागतात आणि मग कुणी विचारत नाही म्हणून राहतात.

जाता जाता आमच्या व्यवस्थेचा एक विनोद. प्रत्येक नागरिकाने चौकस वृत्ती आणि सुधारणेची वृत्ती जोपासावी, हे आपल्या घटनेत मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम ५१ क. ते घटनेत आलं १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने, म्हणजे ऐन आणीबाणीत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना. तरी कलम चांगलं आहे. शाळेने फार ताणलं तर सरांना प्रेमाने दाखवा, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडेल.

आणि घरासाठी एकच सुचवते. रविवारी सकाळी तिला घेऊन हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. एकाच बातमीचे दोन पेपर समोर ठेवा. एकाने काय आधी छापलं, दुसऱ्याने काय गाळलं, ते तिला शोधू दे आणि तुम्हीही शोधा. तुमचं वाचन कमी असेल तर तिला मोठ्याने वाचायला सांगा. तुमचं मत तिच्याशी जुळलं नाही तर तसं सांगा, आणि तिला उलट बोलू द्या. पहिले दोन रविवार जड जातील. तुमच्यापुढे कोणी बोललेलं तुम्हाला ऐकायची सवय नाही, आणि तिलाही तुमच्यापुढे बोलायची नाही. ती स्टेजवर एवढी आदळली त्याचं हेही एक कारण असेल. जिला घरात हळू बोलून चालतं, तिला बाहेर ओरडावं लागत नाही.

पत्र शनिवारी द्यायला जा, शाळा सकाळची असते आणि मुख्याध्यापक निवांत सापडतात. कारखान्यात तासाभराची सवलत मागा. तिच्या आईलाही बरोबर न्या.

तिच्या पानाची झेरॉक्स मी परत पाठवते आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने ‘पेशावर, एप्रिल १९३०’ एवढंच लिहिलं आहे. काय ते तिला तुम्ही सांगू नका, शोधू दे. आणि सापडलं की सरांनाही दाखवायला सांगा, या वेळी वर्गात, एकटे असताना.